निरुपाय कुठपर्यंत?

दशलक्षण पर्वात भाची बेळगावला आली होती. ती प्रयोगशाळेत काम करते. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली आणि मी सहज विचारलं, "तुमच्या त्या अँटिबॉडी येतात तरी कुठून गं?"

"पुष्कळशा सशाकडून, मावशी."

मग तिने नीट सांगितलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. बाळंतपणात कळा आणणारं ऑक्सिटोसिन अवघ्या ९ अमिनो आम्लांचं. असा तुकडा रक्तात मोजायचा तर नेमकी त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी हवी. पण एवढ्याशा तुकड्याची सशाचं शरीर दखलच घेत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला जोडतात. ते बऱ्याचदा एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं असतं. मग सशाला पुन्हा पुन्हा इंजेक्शन आणि शेवटी त्याचं रक्त.

दोन इंद्रियांची गोगलगाय, पाच इंद्रियांचा ससा! मी गप्पच झाले. पाणी गाळून पिणारी मी. माझ्या कुठल्या तपासणीमागे कोणता जीव होता, हे कधी विचारलंच नव्हतं.

"आता दुसरी वाट आहे," ती म्हणाली. जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या अंगावर पेप्टाइड बसवता येतं, हे जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली दाखवलं. ग्रेग विंटर यांनी तीच युक्ती अँटिबॉडीसाठी वापरली. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. आता माणसानेच आखलेले अब्जावधी नमुने एका नळीत मावतात. ते पेप्टाइडवर ओतायचे, धुवायचे, चिकटून राहिले तेवढे वाढवायचे आणि पुन्हा तेच. आपण धान्य पाखडतो तसं. लहान पेप्टाइडवर धरायला जागाच थोडी, त्यामुळे पकड सैल राहते. मग रचनेत बदल करून परत पाखडायचं. २०२० मध्ये युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञ केंद्राने तर अँटिबॉडीसाठी प्राणी वापरूच नयेत, अशी शिफारस केली.

"म्हणजे हिंसा संपली की!"

"जीवाणू वाढवावे लागतातच, मावशी. आणि पकड कमी पडली तर तपासणी चुकते. तो त्रास रुग्णाला."

खरंच आहे. श्रावकाच्या संसारात चूल पेटली की आरंभी हिंसा आलीच. आपलं व्रत जाणूनबुजून केलेल्या, संकल्पी हिंसेच्या त्यागाचं. इतकी वर्षं सशाच्या बाबतीत आपण म्हणालो, निरुपाय आहे. तेव्हा ते खोटं नव्हतं. पण उपाय हाती आल्यावरही सुई तीच, ससा तोच, आणि सवय म्हणून चालू ठेवलं, तर त्या हिंसेचं नाव बदलतं. काल नाइलाज होता, आज तो आपला निर्णय असतो.

म्हणून मी तपासणी नाकारणार नाही. आजार अंगावर काढणं म्हणजे अहिंसा नव्हे. जिथे नवी अँटिबॉडी कमी पडते तिथे भाचीने रुग्णाचा विचार आधी करावा, हेही मला पटतं. फक्त निघताना तिला एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी मागवशील तेव्हा आधी विचार, सशाशिवायची मिळते का?"

"विचारीन," ती म्हणाली. "आजवर कोणी विचारायला सांगितलंच नव्हतं."