भाकीत टळले, देव खरा ठरला



उपासना वर्ष संपत आले की मिस्सातील वाचने जगाच्या अंताविषयी बोलू लागतात आणि आपल्या मनात धास्ती बसते.

संकट कसे येते हे बेलवलीकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, "हा देवाचा कोप, शेवट जवळ आला." त्याच आठवड्यात, २८ जुलैच्या रात्री, मोठी लाट येते आहे, धरण फुटले आहे अशी अफवा उठली. जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. त्यांचा जीव पाण्याने नव्हे, भीतीने घेतला.

मग भाकीत कशासाठी असते? चाळीस दिवसांत निनवे नष्ट होणार, हा निरोप योनाने दिला. राजासकट सर्वांनी गोणपाट नेसले, दुष्ट मार्ग सोडले आणि शहर वाचले. मग योना खोटा ठरला काय? नाही. नदी वाढली की आपल्याला सावध केले जाते. आपण उंचावर जातो व वाचतो. कोणी बुडाले नाही म्हणून इशारा खोटा होता, असे आपण म्हणत नाही. देवाचे भाकीतही माणूस वाचावा म्हणूनच असते.

पण योना मात्र रुसला. निनवेला दया मिळाली, हेच त्याला खुपले. तेव्हा देवाने त्याला तिथल्या १,२०,००० हून अधिक जिवांची आणि गुराढोरांचीही आठवण करून दिली. आपणही स्वतःला विचारू या : शेवट जवळ आला असे म्हणताना आपण कोणाचा शेवट मनात धरतो? आपला की शेजाऱ्याचा? शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले. आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचे जीवन बदलायला सांगितले.

देव दयाळू आहे, मग घाई कशाला, असेही म्हणू नये. संत पेत्र शिकवतो की प्रभूचा विलंब म्हणजे त्याची सहनशीलता होय. मिळालेला वेळ पश्चात्तापासाठी आहे, चालढकलीसाठी नाही.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले गेले. बोटीत घेताना कोणी कोणाचे पाप विचारले नाही. अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला हेच विचारणार आहे : भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला तुम्ही काय केले?

तो दिवस पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. आजचा रविवार मात्र आपल्या हाती आहे. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी या आठवड्यात जाऊ या, पापनिवेदन करू या. दयाळू प्रभू आपल्याला तशी कृपा देवो. आमेन.