तंबोऱ्याचे सूत

गेल्या श्रावणात कर्जतनजीकच्या ठाकुरवाडीस आमचा मुक्काम होता. घाटातील पाऊस आठ दिवस खळला नव्हता. सोबत वडिलांच्या वेळचा मिरजेचा तंबोरा होता. पण त्याचा नाद इतका बसका झाला की, वाद्य निकामी झाले, आता नवे घ्यावे, असा निर्णय आम्ही करून टाकला. वाडीतील भजनात वीणा धरणाऱ्या एका वृद्धाने तो मांडीवर घेतला. "गुरुजी, भोपळा शाबूत हाय. आधी सूत बघा," एवढेच तो म्हणाला. चारही तारांखालची कुजट सुते काढून त्याने घोडीवर नवी सुते सरकवली, आणि केसाकेसाने हलवीत तो कान देत राहिला. घटकाभराने खर्ज असा घुमला की वडील शेजारी बसले आहेतसे वाटले.

घोडीचा माथा किंचित उताराचा असतो. छेडलेली तार त्या उतारास स्पर्श करते व सुटते; तो स्पर्श नेमका कोठे व्हावा, हे सूत ठरविते. यातूनच जवारी उमटते. तार जेथे छेडावी त्यावरून काही उपस्वर उमटूच नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. परंतु तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. मग वाद्याचा गुण कोठे मानावा? पंढरपूरकडच्या भोपळ्यात, की दमडीच्या सुतात? आम्हांस वाटते, दोहोंतही नव्हे; तार आणि घोडी यांची जेथे गाठ पडते, तेथे.

भोपळाच तडकला असेल तर सूत काय करणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. शिवाय सूत रेसभर अधिक सरकले तर नाद पुन्हा कोंडतो. लहान दुरुस्ती ही सोपी दुरुस्ती नव्हे. म्हणूनच मनुष्य ती टाळतो आणि सबंध वस्तूच टाकाऊ ठरवितो. टाकण्यास कान लागत नाही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. बारा वर्षांपूर्वी एका अबोल विद्यार्थ्यास "हा विषय तुझ्या आवाक्यातला नाही" असे सांगून आम्ही वर्गातून वाटेस लावले होते. तो कोणत्या बाकावर बसे, त्यास फळा दिसत असे की नाही, घरी दिवा होता की नाही, यांपैकी एकही गोष्ट आम्ही विचारली नव्हती. भोपळा तडकला आहे, हे न पाहताच ठरविले होते.

तंबोरा आज घरी आहे. तो विद्यार्थी कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.