पोटात घालणारी माती

‘अपराध पोटात घालणे’ हा शब्दप्रयोग मराठीला मातीनेच शिकवला असावा, असे मला पुष्कळदा वाटते. शेण, राख, मेलेले जनावर, माणसाचा देहसुद्धा ती पोटात घेते आणि पिकाच्या रूपाने परत देते. या क्षमेवर विसंबून आपण पिढ्यान् पिढ्या वागत आलो. धातूंच्या बाबतीत मात्र हा विश्वास फसतो. शिसे, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्ये. ती कुजत नाहीत. माती त्यांना पोटात ठेवते, पचवू शकत नाही.

आमची पंचगंगा उणीपुरी ८० किलोमीटरची. एवढ्या वाटेत तिला जयंती नाल्यातून कोल्हापूरचे सांडपाणी मिळते आणि पुढे इचलकरंजीच्या कापडधंद्याचे रंगीत पाणी. काही रंगांत क्रोमियमसारखे धातू असतात. तेच पाणी मोटारीने उपसून उसाला जाते. स्फुरदाच्या खतातूनही, ते ज्या खडकापासून बनते त्यातले कॅडमियम कणाकणाने रानात उतरते. पुराच्या गाळाचे एके काळी मळई म्हणून केवढे कौतुक! २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर त्याच गाळाकडे पाहताना, नदीने यातून काय काय आणले असेल, असे मनात येते.

यात अपराधी कोण? रंगारी म्हणतो, नदी केवढी, माझे पिंप केवढे! शेतकरी म्हणतो, दुसरे पाणी आणू कुठून? दोघेही खोटे बोलत नाहीत, हीच खरी अडचण. आपला नीतिविचार एका हाताने एकाला केलेल्या इजेवर पोसलेला. हजार हातांनी चिमूट चिमूट केलेली इजा त्याच्या नजरेतच येत नाही. शास्त्रांत प्रायश्चित्ते पुष्कळ, पण त्यांना आधी पापी सापडावा लागतो!

जपानात जिंत्सू नदीकाठी कामिओका खाणीचे कॅडमियम भातखाचरांत गेले. भात दिसायला साधाच. तो वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. रोगी बहुतेक उतारवयाच्या बायका. रोगाला नाव पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली सरकारने कारण मान्य केले. पुढे तिथल्या शेतांची मातीच बदलावी लागली. ते काम २०१२ पर्यंत चालले. पण तिथे बोट दाखवायला निदान एक खाण होती.

आमच्याकडे ती सोय नाही. म्हणून अपराधी शोधण्याआधी ज्याची त्याची चिमूट मोजायला घ्यावी, असे मला वाटते: कारखान्याने पिंपाची, पालिकेने नाल्याची, शेतकऱ्याने नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर मातीतल्या धातूंचीही. हिशेब कटकटीचा खरा. पण उसाच्या काट्यावर वजन मारले म्हणून रस्ता अडवणारी माणसे आम्ही. मोजमापाचे आम्हांला काही वावडे नाही.