चांगली वस्ती म्हणजे कोणती?

बौद्ध घरांत मंगलप्रसंगी महामंगल सुत्त म्हटले जाते. ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या मुलांनाही ते लवकरच पाठ होते. तथागतांनी त्यात जी मंगले सांगितली आहेत, त्यांत योग्य ठिकाणी वास करणे हेही एक मंगल आहे. लहानपणापासून मी हे सुत्त म्हणत आलो. पण योग्य ठिकाण कोणते, याचा विचार कधी केला नाही. लग्नानंतर घर शोधण्याची वेळ आली तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मला दुसऱ्यांचे दोष दिसले, तसे माझे स्वतःचेही दिसले. ते येथे मांडतो.

नोकरी लागली, मुले बऱ्या शाळेत जाऊ लागली, की आपली माणसे म्हणतात, "आता चांगल्या वस्तीत जाऊ." यात गैर काही नाही. वेशीबाहेरचे जिणे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत परखडपणे सांगितले. शहरात पाणवठा वेगळा नाही, बसमध्ये बाक वेगळा नाही, लोकलच्या गर्दीत आपल्याला चिकटून कोण उभा आहे हे कोणी विचारीत नाही. म्हणून शहर आपल्याला मोकळे वाटते. परंतु माणूस दिवसभर कोठेही फिरला तरी रात्री घरी परततो. रस्त्यावर सुटलेला प्रश्न घराच्या दाराशी पुन्हा उभा असतो.

मी दादरला भाड्याने राहतो. मुंबईत याहून सोयीची वस्ती क्वचितच सापडेल. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे येथे एकाच पुलावर भेटतात. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली, तीही बोरीबंदरहून दादरलाच आली. २०२५ मध्ये भुयारी मेट्रोही येथे आली. माणसांचे म्हणाल तर तासाभराच्या चालण्यात हिंदू कॉलनी लागते, पारशी कॉलनी लागते, माटुंग्याची तमिळ वस्ती लागते, नायगावच्या चाळी लागतात. पश्चिमेला पोर्तुगीज चर्च आहे, पुढे माहीमचा दर्गा आहे. आणि चौपाटीवर आपली चैत्यभूमी आहे.

ही वस्ती कशी वसली ते पाहण्यासारखे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीमुळे रोग फोफावतो हे पाहून सरकारने १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट स्थापन केला आणि पुढे या ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते आले, झाडे आली, बागा आल्या. घराघरांतून हवा खेळती राहील याची काळजी घेतली गेली. माणसामाणसांत ती खेळती राहील याची मात्र कोणी घेतली नाही. एकेका समाजाने आपापले आवार धरले. शेजारी अनेक झाले, पण शेजार थोडा झाला.

याच हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी आपले घर बांधले. त्यापूर्वी ते परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत. नव्या घराला त्यांनी नाव दिले 'राजगृह'. मगधाच्या ज्या राजधानीत भगवंतांनी वास केला, तिचे हे नाव. दीक्षेला अजून वीसएक वर्षे होती. पण घराचे नाव दारावर होते आणि ते कोणाचे घर आहे हे सर्वांना माहीत होते.

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो. माझे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले आहे. दलालाने आडनाव विचारले, मी सांगितले. "कोकणातले ना?" तो म्हणाला. मी "होय" म्हणालो. तो काय समजला हे मला कळले आणि मी त्याला तसे समजू दिले. मी खोटे बोललो नाही, पण खरेही बोललो नाही. वर्गात मुलांना मी सांगत असतो की अर्धे सत्य हे असत्याचेच दुसरे रूप आहे. पंचशीलातील चौथे शील मी रोज म्हणतो. त्या दिवशी ते मी दलालाच्या खुर्चीसमोर ठेवून आलो.

घर मिळाले. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आम्ही आत, स्वयंपाकघरातील फळीवर ठेवली. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर लावले. माझी आई वरळीच्या बीडीडी चाळीतली. आजोबा गिरणी कामगार होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी ज्या असंख्य लोकांनी दीक्षा घेतली, त्यांत ते होते. आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा हातपाय धुऊन वंदनेला उभी राहिली आणि भिंतीकडे पाहून म्हणाली, "बाबासाहेब कुठं ठेवलेस रे?" मी आत बोट दाखविले. ती काही बोलली नाही. जेवताना एवढेच म्हणाली, "आपल्या एकशेसाठ फुटांच्या खोलीत ते दारासमोर होते."

याहून मोठा धक्का मला माझ्या मुलीने दिला. ती पाच वर्षांची आहे. जिन्यात आजीला 'जयभीम' म्हणताना ती आवाज खाली आणते, हे माझ्या लक्षात आले. तिला हे कोणी शिकविले नव्हते. घरातील भिंतींकडे पाहून ती शिकली होती.

कोणी म्हणेल, घर मिळणे महत्त्वाचे. त्यासाठी नाव झाकले तर काय बिघडले? जो नाव झाकतो त्याला दोष देणे सोपे आहे, पण खरा दोष नाव विचारून दार लावणाऱ्याचा आहे, हे मी विसरत नाही. खुद्द बाबासाहेबांवर ही वेळ आली होती. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी पारश्यांचा जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना सराय सोडावी लागली. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे आसरा मागितला; दोघांनीही सबबी सांगितल्या. परंतु बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढे स्वतःच लिहून ठेवली, जगाने वाचावी म्हणून. नाव झाकणे ही त्यांची अगतिकता होती. ती त्यांनी आपली रीत होऊ दिली नाही. माझी मात्र रीत होऊ लागली होती.

यानंतर जे घडले त्याची मला सर्वांत अधिक लाज वाटते. आमच्या घरमालकीणबाईंची शेजारची खोलीही रिकामी झाली. एक मुसलमान शिक्षक पत्नीसह ती पाहायला आले. जवळच्याच शाळेत शिकविणारे, सभ्य गृहस्थ. बाईंनी मला बोलावून विचारले, "मास्तर, भिंतीला भिंत तुमची आहे. तुमचं काय मत?" मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." खोली त्यांना मिळाली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बडोद्याची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. सांगताना मी स्वतःला नेहमी त्या सरायीत, सामान बांधून उभ्या असलेल्या तरुणाच्या जागी पाहिले. त्या रात्री मी दुसऱ्याच जागी होतो. माझ्या हातात काठी नव्हती हे खरे. पण सबब सांगणाऱ्या त्या दोघा परिचितांच्या हातांतही काठी नव्हती. पुढे उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर ते शिक्षक भेटले तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "सर, तुम्ही तर नाही म्हणाला नव्हतात." मी 'होय'ही म्हणालो नव्हतो, हेच माझे दुःख आहे.

तेव्हा जवळ राहणे आणि शेजारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले आहे. माणसे शरीराने जवळ राहिल्याने समाज बनत नाही. ती एकमेकांच्या जीवनात सहभागी झाली, काही गोष्टी त्यांच्या समाईक झाल्या, तरच समाज बनतो. बीडीडी चाळींहून अधिक जवळीक कोठे असणार? तरी जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दंगल झाली. एका नळावर पाणी भरणारी माणसे एका रात्रीत परकी झाली, असे आजी सांगे, आणि वर म्हणे, "परकी झाली नाहीत, होतीच. आम्हाला त्या रात्री कळलं." आता त्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरे सोडतीने ठरली, म्हणजे शेजारही चिठ्ठीने ठरला. चिठ्ठीने भिंत समाईक होते; मन समाईक करणे माणसाच्याच हाती राहते.

कायदा याबाबतीत किती पुरतो? संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम नसते तर मी शिक्षक झालो नसतो. पण कायद्याचा हात प्रत्येक दारापर्यंत पोचत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. कायदा बदलण्यासाठी झगडले पाहिजे, यात शंका नाही. परंतु तोपर्यंत आणि त्यानंतरही, दाराच्या आतल्या माणसाचे काय करायचे? येथे धम्माचे काम सुरू होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की धर्म ही खाजगी बाब मानली जाते, पण धम्म मुळात सामाजिक आहे. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की धम्म अपरिहार्य होतो. मग शहरातील एका मजल्यावर चार दारे समोरासमोर असतात, त्या जागेपेक्षा धम्माची कसोटी अधिक कोठे लागणार? विहारात मैत्रीभावना करणे सोपे आहे, कारण तेथे सर्व आपलेच असतात. मैत्री खरी ठरते ती परक्याच्या बाबतीत. आणि मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे, हिची परीक्षा तर शेजाऱ्याच्या घरी नवी वस्तू आली की रोजच होते!

येथे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या वस्तीत एखादे मातंग कुटुंब नव्याने दीक्षा घेऊन आले, तर "हे मूळचे कोण?" असे कुजबुजणारे आपल्यात नाहीत काय? लग्नाच्या वेळी पोटजात काढणारे नाहीत काय? उत्तरेकडून आलेल्या मजुराला खोली देताना आपण तोच दलाल होत नाही काय? बावीस प्रतिज्ञांतील एक सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आहे. ती 'सर्व बौद्ध समान' अशी नाही.

मी पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही. तसबीर बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावली. घरमालकीणबाईंना आम्ही कोण ते सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या. अकरा महिन्यांचा करार पुढे वाढेल की नाही हे मला ठाऊक नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांसाठी आम्ही जिन्याखाली पाण्याचे पिंप ठेवले. त्या दिवशी दादरमध्ये काही घरांच्या खिडक्या बंद होतात आणि काही घरांतून पाण्याचे तांबे बाहेर येतात, हे दरवर्षीचेच आहे. आमच्या इमारतीतील एका घराने आमच्याशी बोलणे कमी केले. दुसऱ्या घरातील कॉलेजात जाणारा मुलगा न सांगता येऊन दुपारभर पाणी वाटीत उभा राहिला. दोन्ही मी लिहून ठेवतो, कारण दोन्ही खरे आहे.

म्हणून नवदीक्षित बंधुभगिनींनो, चांगली वस्ती शोधताना स्टेशन किती जवळ आहे हे अवश्य पाहा, शाळा-दवाखाना पाहा. पण जेथे आपले नाव मोठ्याने सांगता येते आणि दुसऱ्याचे नाव ऐकून आपले दार बंद होत नाही, तीच खरी चांगली वस्ती. ती कोणताही दलाल दाखवू शकत नाही. ज्या मंगलाची आपण वंदनेत आठवण करतो, तो योग्य ठिकाणचा वास तयार मिळत नाही. तो आपल्या मजल्यावरच्या चार दारांपासून घडवावा लागतो. अगतिकतेने कोणाला नाव झाकावे लागले, तर त्याने स्वतःला कमी लेखू नये. फक्त दोन गोष्टी कराव्यात. ती झाकणी मुलांच्या अंगवळणी पडू देऊ नये. आणि आपल्यानंतर दाराशी आलेल्या माणसाबद्दल कोणी मत विचारले, तर गप्प राहू नये.

माझी मुलगी जिन्यात अजून 'जयभीम' हळूच म्हणते. पाच वर्षांत शिकलेले एका महिन्यात जात नाही. ज्या दिवशी तिचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जाईल, त्या दिवशी आम्ही चांगल्या वस्तीत राहायला आलो असे मी समजेन.