पंचाचा होकार

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या रत्नागिरीकडच्या वाड्यावाड्यांतून कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. तांबडी माती चाळायची, पाणी मारून चोपायची, चुन्याने रेषा आखायच्या. मुले पहाटे धावू लागतात. या साऱ्या गडबडीत पंचमंडळींच्या तयारीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक अशी सहा माणसे लागतात. हंगामाआधी त्यांनी चार संध्याकाळी एकत्र बसावे, बदललेले नियम वाचावेत, हाताच्या खुणा जुळवाव्यात, मुलांच्या सरावात शिट्टी वाजवून पाहावी, असा आमचा परिपाठ आहे. मी पडलो शाळामास्तर. तेव्हा ही जमवाजमव ओघानेच माझ्याकडे येते.

गेल्या वर्षी आमच्यातले सर्वांत जुने, जाणते पंच म्हणाले, "गुरुजी, वीस वर्षे शिट्टी वाजवतोय. मला आता काय शिकवणार? सामन्याच्या दिवशी वेळेवर हजर असेन, मग तर झाले?"

बोलण्यात उद्धटपणा नव्हता, आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी होती असेही नाही. पंचाला मिळते काय? नारळ, चहापोहे, फार तर गाडीखर्च. त्यात हापूसच्या बागेतली फवारणी तोंडावर आलेली. जो माणूस जवळजवळ फुकट राबतो, त्याच्याकडे आणखी चार संध्याकाळी मागण्याचा अधिकार मला कुणी दिला? प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

पण मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन पाहा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत जाळी विणली जातात, फटी बुजवल्या जातात, लाकडाला तेल पाजले जाते. तांडेलाचा जन्म दर्यावर गेलेला असतो. पण माझा अनुभव दांडगा, मला डागडुजीची गरज नाही, असे तो म्हणत नाही. होडीत आपल्याबरोबर आणखी माणसे बसणार आहेत, हे त्याला ठाऊक असते.

पंचाचेही तसेच आहे. एकट्याला नियम येणे निराळे आणि सहा जणांना तो एकाच अर्थाने येणे निराळे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला आशियाई खेळांतला भारत-इराण अंतिम सामना झाला, तो आठवून पाहा. गुण २८-२८, सामना संपत आलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईत कुणालाही न शिवता बाजूच्या पट्ट्यात, म्हणजे लॉबीत, गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग तिथे उतरले. एक नियम लावला तर तेही बाद. दुसरा लावला तर एकटा चढाईपटू बाद. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला. खेळाडू मैदानात ठाण मांडून बसले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला, पण त्या विजयाला वादाची काजळी लागली ती लागलीच. तिथल्या पंचांना अनुभव कमी होता असे कोण म्हणेल? कोणता नियम धरायचा, याचे उत्तर खेळ सुरू होण्याआधी पक्के हवे होते.

म्हणून मला वाटते, फुकट काम करणारा माणूस स्वतंत्र असतो तो होकार देईपर्यंत. नाही म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे आणि त्यात कमीपणाही नाही. पण एकदा हो म्हटले, की त्या होकारात तयारीही आली. अर्धा होकार हा उपकार नव्हे. त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. चुकीने बाद ठरलेल्या सोळा वर्षांच्या पोराला तो सामना पुन्हा मिळत नाही. आणि दिवसभराचे काम आटोपून जे पाच जण निमूटपणे सरावाला येतात, त्यांच्या येण्याला मग काय मोल उरले?

मात्र हे चारचौघांत सुनावण्याचे बोलणे नव्हे. मी त्यांच्या बागेत गेलो, एकटाच. संध्याकाळ जमत नसेल तर रविवारची सकाळ धरू, चार नकोत, दोनदा या, असे म्हटले. कारण मागणाऱ्यानेही समोरच्याची अडचण जाणली पाहिजे. तेही जमणार नसेल, तर यंदा शिट्टीऐवजी नाक्यावरच्या पोरांना धावायला शिकवा, मैदान आखून घ्या. तुमची जागा कुणी घेणार नाही, पण तयारीवाचून शिट्टी मात्र देता येणार नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. त्या हंगामात त्यांनी मैदान आखले. शिट्टी धरली नाही. माझ्याशी दोन महिने नीट बोललेही नाहीत. ते मला लागले. पण निर्णय बदलावासा वाटला नाही.

आपल्या घरांतही असा एखादा जाणता असतोच. कार्य ठरवताना तो नसतो, ऐन कार्यात मात्र सूत्रे त्याच्या हाती हवीत. त्याचा मान राखावा, त्याची अडचण विचारावी, त्याला झेपेल ते काम द्यावे. पण केवळ मानाखातर ज्याच्या हाती निवाडा सोपवायचा, त्याने तयारी केली आहे की नाही, हे विचारायला संकोचू नये. भीड आपली असते. तिची झळ मात्र मैदानातल्या पोरांना लागते.