हुकूम येण्याआधी झुकलेली मान

हुकूमशाहीची चर्चा आपल्याकडे दिल्लीपासून सुरू होते आणि दिल्लीतच संपते. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबात बसून सोयाबीनच्या भावाची आणि कपाशीवरच्या बोंडअळीची काळजी करणाऱ्या माणसाला तिच्यात जागाच नसते. त्याने पाच वर्षांतून एकदा बटण दाबावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. माझे म्हणणे वेगळे आहे. वरून हुकूम सोडणारा एक माणूस असतो हे खरे. पण हुकूम यायच्या आतच मान तुकवणारी हजारो माणसे नसतील, तर त्याची सत्ता गावाच्या वेशीपर्यंत पोचत नाही. ही आगाऊ शरणागती नाकारणे सामान्य नागरिकाच्या हातात आहे. त्याचे धडे शोधायला यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसे जावेही लागत नाही.

अगदी अलीकडचा धडा जानेवारी २०१९ चा. यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होते आणि उद्घाटनाचे निमंत्रण नयनतारा सहगल यांना गेले होते. सहगल या इंदिरा गांधींच्या आतेबहीण. तरी आणीबाणीला त्यांनी विरोध केला. २०१५ मध्ये त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला, तेव्हा सत्तेवर दुसराच पक्ष होता. म्हणजे सरकार कोणाचे आहे हे पाहून बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, असे म्हणत मनसेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी संमेलन उधळण्याचा इशारा दिला आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. बंदीचा हुकूम कोणी काढला नव्हता. पुढे त्या पक्षाच्या अध्यक्षांनीच आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. धमकीतली हवा गेली, तरी निमंत्रण काही पुन्हा गेले नाही. भीतीचे कारण उरले नाही तरी भीतीपोटी घेतलेला निर्णय कायम राहतो, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. उद्घाटनाच्या मांडवात काही जण सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसले. त्यांचे न झालेले भाषण मराठीत छापले गेले आणि एरवी वाचले असते त्याहून कितीतरी जास्त लोकांनी वाचले. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशीममधून लोकसभेलाही उभ्या राहिल्या. जाऊन बोलावे की न जाऊन निषेध करावा, यावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले. मला दोन्ही बाजू पटतात. अपमान झालाच नाही असे समजून हारतुरे स्वीकारणे, तेवढे मात्र पटत नाही.

जिल्ह्याचा जुना धडा याहून मोठा आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात देशभर मीठ उचलले जात होते. वऱ्हाडाला समुद्र नाही. पण वऱ्हाडात जंगल होते, आणि गुरांना चारायचे कुठे, हा रोजचा प्रश्न होता. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी म्हणून मोडण्यासाठी जंगल कायदाच निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापले आणि सहा महिन्यांची शिक्षा घेतली. या सत्याग्रहात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, अन्याय लोकांच्या गोठ्यापर्यंत येतो तिथेच त्याला हात घातला. दुसरी, जे केले ते उघड केले आणि त्याची किंमत मोजली. चोरून गवत कापणारे आधीही होतेच. त्यांच्यामुळे कायद्याला धक्का लागला नव्हता.

आणीबाणीतही हेच दिसले. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. केंद्रातले मंत्री समोर असताना दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थनेला उभे केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या दिवशी उभे राहिलेल्या शेकडो श्रोत्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण ते उभे राहिले नसते, तर दुर्गाबाई एकट्या पडल्या असत्या.

आता गावाकडे येऊ. बोरी अरबसारख्या गावात सत्ता म्हणजे रेशनचे दुकान, घरकुलाची यादी, विहिरीचे अनुदान, सोसायटीचे कर्ज. 'तू बोलशील तर यादीतून नाव जाईल' हे कोणी तोंडाने सांगावे लागत नाही. माणूस ते स्वतःच ओळखतो आणि गप्प बसतो. या भीतीला भेकडपणा म्हणणे शहरातल्या माणसाला सोपे आहे. पण तिच्यावर उपायही गावातच आहे. एकट्याने विचारले तर त्याला तंटेखोर ठरवतात. दहा जणांनी विचारले तर उत्तर द्यावे लागते.

ग्रामसभेचेच पाहा. गणपूर्तीला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल ते लागतात. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. घरी बसलेल्यांच्या नावावर मूठभर माणसे गावाचे ठराव करतात, तेही कायदा न मोडता. म्हणून वेळेवर जायचे, सही करण्याआधी वाचायचे, आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. नोंद होत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर त्या इतिवृत्ताची प्रत मागायची. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मतदार यादी निवडणुकीच्या आधी वाचायची, शेजाऱ्याचे नाव गळले असेल तर त्यालाही सांगायचे. मतदान संपल्यावर केंद्रावर किती मते पडली याचा हिशोब असलेला १७-सी नमुना प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीने घेतला की नाही, हे विचारायचे. यांत शौर्याचे काही नाही. कंटाळा येईल अशीच ही कामे आहेत, आणि एकाधिकारशाहीची सारी भिस्त आपल्या कंटाळ्यावर असते.

यालाच जोडून आणखी एक काम, आणि ते अवघड आहे. ज्याचे मत आपल्याला पटत नाही, त्याला कोणी धमकावले तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. आपल्या पक्षाच्या माणसासाठी कोणीही ओरडतो. आपले सरकार असताना ज्याला दुसऱ्याची मुस्कटदाबी खटकते, त्यालाच उद्या स्वतःवर पाळी आली की तक्रार करायचा अधिकार राहतो. आणीबाणीचे समर्थक आणि २०१९ च्या माघारीचे समर्थक वेगळ्या पक्षांचे होते; त्यांची सबब मात्र एकच होती. वातावरण बिघडू नये म्हणून गप्प बसा, असे दोघेही सांगत होते.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरेल. झेंडावंदन आटोपले की घरी जाऊ नका. शेजारच्या चार घरांतल्या माणसांना, विशेषतः बायकांना, सोबत घेऊन सभेत बसा, एक प्रश्न विचारा आणि तो तुमच्या नावासकट लिहून घेतला जाईपर्यंत उठू नका.