पटावरचे मर्त्य देव

‘मिथिक बॅटल्स : पँथिऑन’ हा ग्रीक पुराणकथांवर बेतलेला, छोट्या मूर्ती मांडून टेबलावर खेळण्याचा युद्धखेळ आहे. बेन्वा व्होग्त यांनी रचलेल्या या खेळासाठी मोनोलिथ या फ्रेंच कंपनीने २०१६ च्या अखेरीस क्राउडफंडिंगने पैसा उभा केला. प्रत्येक खेळाडू झ्यूस, अथीना, एरीस, हेडीस अशा देवांपैकी एक निवडतो आणि ठरावीक गुणांच्या मर्यादेत वीर, अक्राळविक्राळ प्राणी व सैनिक यांची फौज जमवतो. डाव दोन रीतींनी जिंकता येतो: आपल्या देवाने चार ओंफालोस, म्हणजे दैवी शक्तीचे खडे, आत्मसात करावेत, किंवा समोरच्याचा देव ठार करावा.

यातला दुसरा मार्ग धर्मविचाराच्या दृष्टीने धक्कादायक आहे. ग्रीकांच्या कथांत देवही माणसांसारखेच रुसत, फसवत, सूड घेत. फरक एकच, पण निर्णायक: माणूस मरतो, देव मरत नाही. होमर देवांना अनेकदा नुसते ‘अमर’ म्हणतो. खेळ नेमकी तीच रेषा पुसतो. मग पटावर उरतात त्यांना ग्रीकांचे देव म्हणावे का?

उत्तरासाठी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा पाचवा सर्ग पाहावा. डायोमिडीस हा मर्त्य वीर ॲफ्रोडायटीच्या हाताला मनगटाजवळ भाल्याने घायाळ करतो. जखमेतून रक्ताऐवजी ‘इकोर’ हा देवांच्या अंगातला द्रव वाहतो. पुढे अथीनेच्या साह्याने डायोमिडीस एरीसच्या पोटात भाला घालतो. हा युद्धाचा देव हजारो सैनिकांनी एकदम आरोळी ठोकावी तसा ओरडतो, ऑलिंपस गाठतो आणि बापापुढे गाऱ्हाणे मांडतो. देवांचा वैद्य औषध लावतो, जखम भरते, न्हाऊमाखू घातलेला एरीस झ्यूसच्या शेजारी जाऊन बसतो. खाली मैदानात पडलेली माणसे मात्र उठत नाहीत. एकविसाव्या सर्गात देव आपसांतच भिडतात. हेरा आर्टेमिसचे धनुष्य हिसकावून त्यानेच तिला बडवते, आणि हा सारा कलह पाहून झ्यूसला हसू फुटते. अमरांच्या लढाईत पणाला काहीच लागत नाही, हे होमरला पक्के ठाऊक आहे. त्याच्या काव्याचा भार हेक्टर आणि अकिलीस पेलतात, कारण गमावण्याजोगे आयुष्य त्यांच्यापाशी आहे.

खेळ रचणाऱ्यापुढेही हाच पेच असतो. देवाला पटावर आणायचे तर त्याच्या जिवाला धोका हवा. म्हणून देवाच्या फलकावरही प्राण मोजणारी चकती आहे. घाव बसेल तशी ती खाली फिरते, आणि प्राणांबरोबर लढण्याची ताकदही ओसरत जाते. वरवर हा होमरचा अव्हेर वाटतो. प्रत्यक्षात खेळ त्याचेच म्हणणे मान्य करतो. मरणाचे भय नसेल तर पराक्रमाला अर्थ नाही, म्हणून पटावरचा झ्यूस देवांची पंगत सोडून अकिलीसच्या रांगेत येतो.

देवांचे खेळणे करण्यात अवमान आहे का, हा प्रश्न त्यामानाने सोपा. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सला डायोनिससच्याच उत्सवात ॲरिस्टोफेनीसचे ‘बेडूक’ हे नाटक झाले. त्यात खुद्द डायोनिससला फटके खावे लागतात, आणि नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. मात्र ते हसू श्रद्धेच्या घरातले होते. आज टेबलाभोवती बसणाऱ्या बहुतेकांपाशी ती श्रद्धा नसते. शिवाय हे देव अगदी बेवारस नाहीत. ग्रीसमध्ये त्यांचे उपासक आहेत, आणि २०१७ मध्ये तेथील सरकारने त्यांच्या धर्माला मान्यता दिली. खेळाडूंनी एवढे भान ठेवायला हरकत नाही.

खेळातल्या फाशांचा प्रश्न याहून खोल आहे. ग्रीक मुले मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याच्या हाडांनी खेळत. बूरा येथे हेराक्लीसच्या गुहेत तशाच चार हाडांचे दान टाकून कौल लावला जाई, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसने नोंदवले आहे. खेळ आणि दैव यांचे साधन एकच होते. या खेळातही दान पडणे हातात नसते, पण पडलेल्या दानाचे काय करायचे ते काही अंशी असते: अंक आलेला एक फासा सोडून दिला की दुसऱ्याचा अंक एकाने वाढवता येतो. काहीतरी त्यागल्यावाचून दान सुधारत नाही.

‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात झ्यूसपुढे अशीच निवड येते. सार्पिडॉन हा त्याचा मर्त्य मुलगा पॅट्रोक्लसच्या हातून मरणार असतो. त्याला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते. हेरा बजावते की मग प्रत्येक देव आपापल्या मुलाला रणातून उचलून नेऊ पाहील. झ्यूस ऐकतो, पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. खेळातला झ्यूस मुलाला सोडून सुटत नाही, कारण तिथे त्याचा स्वतःचाच जीव पणाला लागलेला असतो.